भाकरी लपविणारे मूल

आजचा हा पाठ मी माझ्याच एका चुकीपासून सुरू करते.

गेल्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी नव्याने दाखल झाली. वय आठ वर्षांचे. आपल्यातीलच एका कुटुंबाने तिला संस्थेतून रीतसर दत्तक घेतले होते. त्या कुटुंबाचे किंवा गावाचे नाव मी येथे देत नाही. दुसऱ्याच आठवड्यात वर्गात घाण वास सुटला, म्हणून मी सगळ्यांची दप्तरे तपासली. तिच्या दप्तराच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या तीन भाकऱ्या निघाल्या. एकीवर बुरशी आलेली होती. मी त्या भाकऱ्या टेबलावर मांडल्या आणि सर्वांदेखत तिला विचारले, “हे काय आहे?” मुले हसली. ती रडली नाही, रागावली नाही, तिने मान खालीही घातली नाही. ती फक्त भाकऱ्यांकडे पाहत राहिली. त्या मी आता टाकून देणार की काय, एवढीच तिला काळजी होती.

सायंकाळी तिची आई शाळेत आली. डोळे भरून आले होते. म्हणाली, “बाई, आम्ही काय तिला उपाशी ठेवतो का हो? पोटभर खाते आणि वर उशाखाली लपवते. गादीला मुंग्या लागतात. सासूबाई म्हणतात, कुणाचं रक्त आहे कोण जाणे, चोरीची सवय रक्तातच असणार.”

या शेवटच्या वाक्यावर मी अडखळले. माणसाची योग्यता जन्मावरून ठरते, हा विचार टाकून देण्यासाठी आपण १९५६ साली नागपूरला गेलो. कोणी त्या दिवशी गेले, कोणी नंतर आपापल्या गावी दीक्षा घेतली. परंतु घरात एखादे परके मूल आले की तोच जुना विचार मागच्या दाराने आत येतो. मूल शहाण्यासारखे वागले तर आपले संस्कार, आणि वेडेवाकडे वागले तर त्याचे रक्त! हा कुठला न्याय? कोणतीही गोष्ट कारणावाचून घडत नाही, कारणे बदलली की फळही बदलते, असे धम्म सांगतो. मग भाकरी लपविण्याचे कारण रक्तात न शोधता त्या मुलीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत शोधले पाहिजे.

ते कारण काय असते ते पाहू. तान्हे मूल भुकेने रडते. कोणीतरी येऊन त्याला उचलते, पाजते, थोपटते. दिवसातून आठ-दहा वेळा, असे महिनोन्महिने चालते. यातून बाळ एक गोष्ट शिकते: मी हाक मारली की कोणीतरी येते. ही त्याची पहिली शाळा. येणारे माणूस पुन्हा पुन्हा तेच असले, की त्याचा वास, त्याचा आवाज बाळाच्या ओळखीचा होतो आणि बाळाला त्याचा लळा लागतो. पुढे माणसांवर विश्वास ठेवणे, चुकल्यावर शरम वाटणे, राग आवरणे, वर्गात मन लावून बसणे हे सारे या लळ्याच्या पायावर उभे राहते.

आता दुसरे बाळ पाहा. ते रडते आणि कोणी येत नाही. किंवा कधी येते, कधी येत नाही. आज एक येते, उद्या दुसरे येते, परवा येणारे मारते. काही दिवसांनी ते रडणेच सोडून देते. लोक म्हणतात, किती शहाणे बाळ, अजिबात त्रास देत नाही. ते शहाणे झालेले नसते, त्याने आशा सोडलेली असते. त्याच्या शरीरात मात्र भीतीची घंटा सतत वाजत असते. संकटाच्या वेळी अंगात जे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते, त्याचे मान अशा मुलांत बिघडलेले आढळते. झोप, भूक, लक्ष देणे, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. असे मूल पुढे कितीही चांगल्या घरात गेले तरी त्याचे शरीर जुनाच धडा घोकत राहते: आज भाकरी आहे, उद्याचे कोणी सांगावे?

जगाने हे एका मोठ्या दुःखातून पाहिले आहे. इंग्लंडचे डॉक्टर जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. अन्नवस्त्र मिळूनही मायेचे एक माणूस न मिळालेल्या मुलांचे मन खुरटते, असे त्यांनी त्यात दाखविले. पुढे १९८९ च्या डिसेंबरात युरोपातील रुमानिया देशातील हुकूमशाही कोसळली. तेव्हा तेथील सरकारी बालगृहांत एक लाखाहून अधिक मुले खितपत पडलेली आढळली. त्यांतील कित्येक मुले इंग्लंडमधील कुटुंबांनी दत्तक घेतली. मायकेल रटर या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६५ मुलांचा ती मोठी होईपर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत नव्या घरी आलेली मुले बहुतांशी इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून उशिरा आलेल्यांपैकी अनेकांना लक्ष न लागणे, माणसांशी जुळवून घेता न येणे असे त्रास दीर्घकाळ राहिले. तरीही त्या उशिरा आलेल्यांतही सुमारे एक पंचमांश मुले अगदी निर्वेध वाढली. बुखारेस्ट शहरात २००० सालानंतर १३६ मुलांचा दुसरा अभ्यास झाला. त्यांतील निम्मी मुले बालगृहातून सांभाळ करणाऱ्या घरांत पाठविली होती. त्यांची प्रगती बालगृहात राहिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली झाली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची लळ्याच्या बाबतीत सर्वात चांगली.

म्हणजे आबाळ खोल जाते, ही गोष्ट खरी. घर मिळाल्यावर मूल सावरते, हीही खरी. दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवल्या तर आईबाप खोट्या आशेनेही फसत नाहीत आणि निराशही होत नाहीत.

परदेशाचे कशाला, आपल्या जिल्ह्यातही हे दिसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पोरे कधी आजीकडे राहतात, कधी कोपीवर जातात आणि उसाच्या फडाच्या कडेला दिवस काढतात. अशा एखाद्या पोराचे आईबाप गेले आणि त्याला चुलत्याने किंवा मावशीने घरी आणले, तर तेही या पाठातलेच मूल आहे. त्याला दत्तक म्हणा अगर न म्हणा. नात्यातले असल्यामुळे त्याच्या मनात काही नसेल असे समजू नये. उलट अशा घरी त्याच्याकडून कामाची आणि उपकाराच्या जाणिवेची अपेक्षा अधिक केली जाते.

आता घरी काय करावयाचे ते सांगते. मी डॉक्टर नाही. त्या प्रसंगानंतर लाज वाटून जे वाचले, या विषयातील जाणत्यांना जे विचारले आणि त्या आईबरोबर वर्षभर जे पाहिले, तेच येथे मांडते आहे.

पहिली गोष्ट भाकरीची. लपविलेले अन्न हिसकावू नये, त्यावरून चोर म्हणू नये, पाहुण्यांपुढे तो विषय काढू नये. त्या आईला मी सुचविले की, मुलीचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर झाकणाचा एक पत्र्याचा डबा ठेवा. त्यात रोज रात्री एक भाकरी, थोडे शेंगदाणे, गुळाचा खडा ठेवा. तिला सांगा, हा तुझा डबा, यातले कधीही खा, विचारायचे नाही, आणि हा कधी रिकामा राहणार नाही. शेवटचे वाचन पाळणे सर्वात महत्त्वाचे. एक दिवस जरी डबा रिकामा सापडला तर महिन्याची मेहनत वाया जाते. पहिला महिनाभर डबाही रिकामा होई आणि उशाखालीही भाकरी सापडे. सासूबाई म्हणाल्या, आता दोन्हीकडून चोरते. मी म्हटले, आजी, ती चोरत नाही, ती तपासते आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. ज्याचे बालपण विस्कटलेले गेले त्याला ठरलेला दिवस औषधासारखा लागू पडतो. उठणे, अंघोळ, जेवण, शाळा, सायंकाळची वंदना, झोप हे रोज त्याच वेळी आणि त्याच क्रमाने व्हावे. बाजारला जाताना गुपचूप सटकू नये. पुष्कळ आया मूल रडेल म्हणून मागच्या दाराने निघून जातात. या मुलाला सांगून जावे, कुठे जाते आणि कधी येते ते सांगावे, आणि सांगितलेल्या वेळी परत यावेच. चार वाजता म्हटले आणि एस. टी. चुकली, तर आल्यावर आधी त्याला जवळ घेऊन, उशीर का झाला ते सांगावे.

तिसरी गोष्ट माणसांची. मूल घरी आले की आपल्याकडे उत्साह फार! विहारात आणतात, पेढे वाटतात, प्रत्येक जण त्याला मांडीवर घेतो. मूलही कोणाच्याही गळ्यात पडते, तेव्हा लोक कौतुकाने म्हणतात, किती माणसाळलेले आहे. लळा लागलेले मूल अनोळखी माणसाला पाहून आईच्या पदराआड जाते. कोणाकडेही सहज जाणाऱ्या मुलाला अजून आपले असे माणूस गवसलेले नसते. म्हणून पहिले काही महिने भरवणे, अंघोळ घालणे, तेल लावणे, झोपवणे ही कामे आईबापांनीच करावीत. आजी-आत्यांनी रागावू नये, त्यांची पाळी नंतर येणारच आहे. आणि बापानेही यात वाटा घ्यावा. आपल्या घरांत बाप हा फक्त दरारा दाखविण्यापुरता असतो, ते येथे चालणार नाही.

मारणे, खोलीत कोंडणे, अबोला धरणे यांतले काहीही करू नये. साध्या मुलाला अबोला ही शिक्षा वाटते. या मुलाला मात्र तो पुन्हा टाकून दिल्यासारखा वाटतो. मूल चिडून वस्तू फेकू लागले तर त्याच्यापासून दोन हातांवर खाली बसावे, आवाज हळू ठेवावा, “मी इथेच आहे” एवढेच म्हणावे. उपदेश नंतर. भीतीची घंटा वाजत असताना उपदेश कानात शिरत नाही, हे मोठ्या माणसांनाही लागू आहे. फेकलेली भांडी मात्र शांत झाल्यावर त्याच्याबरोबर बसून आवरावीत. लाड म्हणजे शिस्त सोडणे नव्हे.

आणि एक वाक्य तोंडातून कधीही निघू देऊ नये: “असाच वागलास तर परत संस्थेत सोडून येईन.” रागात एकदा म्हटलेले हे वाक्य मूल वर्षानुवर्षे जपून ठेवते.

काही मुले आठ-नऊ वर्षांची होऊनही बोबडे बोलतात, भरवून घ्यायला मागतात, अंथरूण ओले करतात. त्याला हसू नये. जे त्या वयात मिळाले नाही ते आता मागतात, तर द्यावे. अंथरुणाची चादर न बोलता बदलावी. मोठ्या मुलाचे नावही बदलू नये. आपल्याला सिद्धार्थ, गौतमी, सुजाता ही नावे कितीही आवडोत, बाकी सगळे हरवलेल्या मुलाजवळ स्वतःचे म्हणून तेवढे नावच शिल्लक असते.

यापुढचा प्रश्न खरे सांगण्याचा. मूल दत्तक आहे हे सांगावे की लपवावे? बहुतेक घरांत लपवितात आणि सगळ्या गल्लीला ठाऊक असते. मग भांडणात एखादा पोरगा ते तोंडावर फेकतो. याबाबत मला महावग्गातील जीवकाची कथा सर्वांत उपयोगी वाटते. राजगृहाच्या सालवती गणिकेने नुकतेच जन्मलेले बाळ दासीकरवी सुपात घालून उकिरड्यावर टाकविले. राजपुत्र अभय त्या वाटेने जात होता. त्याला कावळ्यांचा घोळका दिसला. चौकशी करता बाळ आहे आणि जिवंत आहे असे कळले. त्याने ते घरी नेऊन दायांकडे सोपविले. जिवंत म्हणून जीवक. मुलगा मोठा झाला आणि एके दिवशी त्याने विचारले, माझी आई कोण, बाप कोण? अभयाने थाप मारली नाही. तुझी आई मला माहीत नाही, पण मी तुला वाढविले म्हणून मी तुझा बाप, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

पुढची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. हे ऐकल्यावर जीवक अभयाला न विचारता तक्षशिलेला निघून गेला. सात वर्षे तो वैद्यक शिकला. परत येताना साकेत नगरीत पहिली मोठी कमाई झाली, ती सोळा हजारांची रक्कम त्याने सांभाळाची फेड म्हणून अभयापुढे ठेवली. अभयाने ती घेतली नाही. ती तुझीच असू दे, आणि घर मात्र आमच्या वाड्यातच बांध, असे त्याने सांगितले. हाच जीवक पुढे बिंबिसाराचा आणि भगवान बुद्धांचा वैद्य झाला. मुलगा न सांगता गेला तरी अभयाने त्याला कृतघ्न म्हटले नाही, आणि फेड आणली तरी हिशेब केला नाही. आपल्यातील किती पालकांना हे जमेल? “आम्ही तुला वर काढले” हे वाक्य आपण दर भांडणात काढतो.

म्हणून तीन-चार वर्षांचे असल्यापासून, गोष्ट सांगावी तसे, थोडे थोडे खरे सांगावे. जन्मदात्या आईबद्दल वाईट बोलू नये. तिची काय अडचण होती ते आपल्याला ठाऊक नसते. आपल्याकडे साध्या मुलांनाही “तुला बोहारणीकडून घेतलं” अशी थट्टा करण्याची खोड आहे. केरू, कोंडिबा, भिकू ही जुनी नावेही त्याच प्रकारातली. आधीची मुले दगावली की नवे मूल उकिरड्यावर ठेवायचे, कोंड्यावर विकल्यासारखे करायचे आणि परत घ्यायचे. त्या आयांची भीती आपण समजू शकतो. परंतु जे मूल खरोखरच टाकले गेले होते, त्याच्यासमोर ही थट्टा नको.

ज्यांनी परक्याचे मूल आपले मानले अशी माणसे आपल्याला दूर शोधावी लागत नाहीत. मायादेवी सात दिवसांत गेल्यावर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने वाढविले. बाबासाहेबांची आई भीमाबाई वारली तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. त्यांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७४ मध्ये काशीबाई या विधवेला झालेला मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात तो रोग्यांवर उपचार करीत होता, आणि त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या.

कायद्याविषयी थोडक्यात. जुन्या शास्त्राप्रमाणे दत्तक घ्यायचा तो मुलगाच, तोही स्वजातीचा, आणि हेतू पिंडदानाचा. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात हे मोडण्याचा आग्रह धरला. ते बिल रखडले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे तुकड्या-तुकड्यांनी कायदे झाले, त्यांतला दत्तकाचा कायदा २१ डिसेंबर १९५६ पासून लागू आहे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात मुलगी दत्तक घेता येते, जातीची अट नाही, आणि दत्तहोम केलाच पाहिजे असे नाही. म्हणून भटजी बोलावून होम करावा लागतो असे कोणी सांगितले तर मानू नका. अनाथ, सोडून दिलेल्या किंवा संस्थेच्या स्वाधीन केलेल्या मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्यासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नाव नोंदवावे लागते, घराची पाहणी होते, आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी विचारपूस होते. ती करायला येणाऱ्या ताईंना चहा पाजून “सगळे छान आहे” म्हणून परत पाठवू नका. भाकरीची, अंथरुणाची, रागाची अडचण त्यांनाच सांगायची असते. दवाखान्यातून किंवा दलालाकडून परस्पर मूल आणणे हा गुन्हा आहे; तसे आणलेले मूल पुढे काढून नेले जाऊ शकते, आणि मग त्याची दुसऱ्यांदा ताटातूट होते.

आता आईविषयी. मूल आईलाच सर्वांत जास्त छळते. बापापाशी गोड, आजीपाशी गोड, आणि आई जवळ आली की ढकलते. याचे कारण असे की, तिच्यावर विश्वास ठेवण्याचीच त्याला सर्वांत भीती वाटते. त्यात मूल होत नाही म्हणून त्या बाईने आधीच दहा वर्षे टोमणे ऐकलेले असतात. तिला कधी कधी या मुलाचा राग येतो, आणि राग आला म्हणून स्वतःचीच घृणा वाटते. भगिनींनो, तसे वाटले म्हणजे तुम्ही वाईट आई झालात असे नव्हे. मैत्रीभावना करताना सुरुवात स्वतःपासून करतात, ती उगीच नाही. थकलेल्या माणसाने तासभर मूल नवऱ्याकडे देऊन पडून राहावे. विहारातील इतर भगिनींनी सल्ला देण्याऐवजी तिची धुणी-भांडी करावीत, ती मदत खरी.

मूल रात्रीच्या रात्री झोपत नसेल, स्वतःला इजा करीत असेल, मुक्या जनावरांना छळत असेल, किंवा वर्षभरात काहीच फरक पडला नसेल, तर देवऋषाकडे, गंड्यादोऱ्याकडे जाऊ नये. बाधा वगैरे काही नसते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. अहमदनगर शहरात (२०२४ पासून अहिल्यानगर) १९८९ साली स्थापन झालेल्या स्नेहालय संस्थेचे स्नेहांकुर हे दत्तक केंद्र आहे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातील बाल संरक्षण कक्षातही विचारता येते. मनाच्या त्रासाबद्दल १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि कोठे मूल टाकलेले किंवा छळलेले आढळले तर १०९८ वर कळवावे.

त्या मुलीबद्दल वाचकांना उत्सुकता असेल. मी वर्गात तिची माफी मागितली, ती तिला कितपत कळली मला सांगता येत नाही. आता ती चौथीत आहे. गणितात कच्ची आहे, खोटेही बोलते, मध्येच एखादे दिवशी कोणाशीच बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात खेळताना तिचा गुडघा फुटला, तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने रडली आणि “आईला बोलवा” म्हणाली. उशाखालची भाकरी बंद झाली आहे. परवा तिच्या आईने विचारले, “बाई, डब्यातली भाकरी आता चार-चार दिवस तशीच राहते, मलाच बदलावी लागते. डबा काढून ठेवू का?” मी म्हटले, इतक्यात नको.